हद्द झाडणारी आत्ती

आत्तीसमोर कुजबुजायची सोय नव्हती. तुम्ही ओढ्याच्या त्या काठाला, ती ह्या काठाला, मध्ये पाण्याचा खळखळाट, आणि तुम्ही शेजारच्याच्या कानात काही सांगितलं तरी ते आत्तीला कळलेलं असायचं. लहानपणी आम्हा पोरांना वाटायचं, हिच्या अंगात काहीतरी येतं. खरं कारण साधं होतं. लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली आणि निम्मं आयुष्य तिनं यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरण्यात काढलं. तिथं मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही. बायका एकमेकींचे ओठ बघून बोलतात. नवऱ्यांच्या तक्रारी, मालकाच्या नकला, कुणाच्या पोरीचं ठरलं, सगळं ओठांवर. नवरा गेल्यावर आत्ती माहेरी आमच्या वाडीला परत आली ती ही विद्या घेऊन. सोबत आवाजही तिथलाच आणला. हळू बोलणं ती विसरूनच गेली होती. "च्या घेतोस का?" असं ती घरात विचारायची आणि पलीकडच्या आळीतला माणूस "नको" म्हणायचा.

आमची वाडी भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्याही वर, घाटाला टेकलेली. इथं भात थोडं आणि रान जास्त. रान म्हणजे सरकारी जंगल नव्हे, मालकी रान. सातबाऱ्यावर नाव असलेलं. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, अंजनी. कुणाचं दोन एकर, कुणाचं दहा, एकाला एक लागून. बाहेरच्या माणसाला ते एकच जंगल दिसतं. ह्या सगळ्या रानमालकांचं एक मंडळ आहे, आणि ते आत्तीनं चालवलं. मंडळ म्हणजे काय, तर संध्याकाळी डेअरीत दूध घालून झाल्यावर किटल्या बाजूला ठेवून कट्ट्यावर टेकलेली माणसं. नोंदणी नाही, पाटी नाही. एकदा कुणीतरी काढलं की नोंदणी करू आणि आक्कांना चेअरमन करू. आम्हा पोरांची ती आत्ती, तिच्या बरोबरीच्या माणसांची आक्का. ती म्हणाली, "चेअरमन केला की फोटू लावावा लागतो. एकाचा लागला की दुसऱ्याला आपला लावावासा वाटतो. नगं त्या उचापती." कोल्हापूर जिल्ह्यात राहून चेअरमनपद नको म्हणणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

कुणीही नवीन माणूस भेटलं की आत्तीचा पहिला प्रश्न ठरलेला. गाव कुठलं, आडनाव काय, हे मागाहून. आधी, "तुमच्या शेजाऱ्याचं नाव काय?" जंगलखात्याचा नवा गार्ड आला, त्याला हेच. मोरीच्या कामावरच्या ठेकेदाराला हेच. मी कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण करवंदं खायला म्हणून वाडीला आली. तिचं घर राजारामपुरीत, फ्लॅटमध्ये. आत्तीनं विचारलं तशी ती गोंधळली. समोरच्या दारावर कसली तरी पाटी आहे, एवढंच तिला आठवत होतं. आत्तीनं तिच्या ओंजळीत नुसती करवंदं ओतली. पण मैत्रिणीला चैन पडेना. परत गेल्यावर तिनं समोरचं दार वाजवून नाव विचारलं आणि ते मला फोन करून कळवलं. तेव्हापासून मला त्या प्रश्नाचं कोडं पडलं. त्या नावांचं आत्तीला करायचं काय असायचं?

त्याचं मूळ तिच्या एका नियमात होतं. पूर्वी आमच्याकडं जो तो आपली हद्द आपण दाखवायचा. रानात कुंपण नसतं. हद्द म्हणजे हा हिरडा, तो खडक, ती वाकडी किंजळ. माणूस स्वतःची हद्द दाखवायला लागला की ती दर साली एकेका झाडानं पुढं सरकते, आणि त्यापायी वाडीत डोकी फुटलेली होती. आत्ती माहेरी आल्यावर दोन-तीन सालं नुसती बघत राहिली. मग एका संध्याकाळी तिनं डेअरीच्या कट्ट्यावर सांगितलं, इथनं पुढं आपली हद्द आपण दाखवायची नाही, शेजाऱ्यानं दाखवायची. लोक हसले. बाळूनाना म्हणून एक तिरसट गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "आक्का, आन शेजाऱ्यानं कमी दाखवली तर?"

"दाखवू दे की," आत्ती म्हणाली. "त्याची दाखवायला घटकाभरानं तुमीच हाईसा."

बाळूनानांचं हसणं तिथंच थांबलं.

नुसतं दाखवून भागायचं नाही. संक्रांत झाली, पाला गळायला लागला की प्रत्येकानं खराटा घेऊन शेजाऱ्याच्या हद्दीवर यायचं. दाखवायची आणि दाखवली तशी झाडून काढायची. दोन माणसं आडवी निजतील एवढा पट्टा, दोन्ही अंगानं पाला ओढून, खाली लाल माती दिसेपर्यंत. कुठं वणवा लागला तर तो त्या पट्ट्याशी येऊन थांबतो, एकाच्या रानातनं दुसऱ्याच्यात जात नाही. ह्याला आम्ही हद्दझाडणी म्हणतो. बाहेरच्या कुणी त्या दिवसांत आमची वाडी बघितली तर त्याला वाटेल, ही माणसं खुळी झाली, जंगल झाडत सुटल्यात. आत्ती सगळ्यांबरोबर झाडायची, ह्याच्या हद्दीवर थोडं, त्याच्या हद्दीवर थोडं. तिला स्वतःची अशी हद्दच नव्हती.

ही गोष्ट मला फार उशिरा समजली. इतक्या रानमालकांची म्होरकी, पण तिच्या नावावर एक झाड नव्हतं. लग्नानंतर वडील वारले, भावानं हक्कसोडीचा कागद आणला, तिनं सही केली. आमच्याकडं तेव्हा सगळ्याच लेकी करायच्या. पुढं भावाच्या घरात ती राहिली, भाऊ गेल्यावर भाच्याच्या घरात. मी एकदा तिला सरळ विचारलं, तुझं स्वतःचं काहीच नाही, तरी लोक तुझं ऐकतात कसे? मी तोंडावर विचारणारी आहे, आणि तिला ते चालायचं. ती म्हणाली, "म्हणून तर ऐकत्यात. माझी कुणाला हद्द लागत न्हाय." मग जरा थांबून, तिच्या मानानं बऱ्याच बारीक आवाजात म्हणाली, "सही केली तवा मी ते रान धड बघितलं बी नव्हतं. तुझ्या भावानं कधी कागद आणला तर आधी हद्द झाडून ये. मग काय ते ठरव."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पदवीचं सर्टिफिकेट आबानं चौकटीत घालून सोप्यात टांगलंय, दारातून आत आलेल्याला आधी तेच दिसतं. आबा म्हणजे माझे वडील. माझा निकाल लागला त्या संध्याकाळी आत्तीनं मला कट्ट्यावर बोलावून घेतलं आणि डेअरीच्या आतली एकुलती एक खुर्ची बाहेर काढायला लावली. "बी.ए. झालीया. बसू दे खुर्चीत." सगळी जाणती माणसं खाली आणि मी खुर्चीत. मला लाजेनं बसवेना. आत्ती म्हणाली, "बस. आमचं काय चुकतंय ते वरनं दिसंल तुला." बाळूनाना म्हणाले, वरनं तुला माझं टक्कल तेवढं दिसंल. कट्टा हसला आणि मी मोकळी झाले. पुढं मी कोल्हापुरात एका क्लासमध्ये भूगोल शिकवायला लागले, तरी हद्दझाडणीला रजा काढून जायचेच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

आत्तीच्या भाच्यानं, सर्जेरावनं, रान विकायला काढलं. सर्जेराव वाईट माणूस नव्हता. दर साली गवे उतरून त्याचं भात तुडवून जायचे, आणि पोरांना कोल्हापुरात शाळेत घालायचं बायकोच्या मनानं घेतलं होतं. गिऱ्हाईक हुपरीचं होतं, चांदीचे पैंजण करणारे एक शेठ. त्यांना रानात घर बांधायचं होतं. पण सर्जेरावचं रान अगदी सगळ्यांच्या मधोमध, आणि त्याच्या खालच्या अंगाला झरा. उन्हाळ्यात सगळ्या वाडीची गुरं त्या झऱ्यावर, भाताचं रोप त्या झऱ्यावर. शहरातला माणूस रान घेतो तेव्हा पहिल्यांदा तारेचं कुंपण घालतो, हे आम्ही इतर गावांतनं बघितलं होतं. कुंपण पडलं की झरा आत जाणार.

सगळी वाडी आत्तीकडं बघत होती. तिनं एक शब्द टाकला असता तर सर्जेराव मागं सरला असता. ती म्हणाली, "त्याचं हाय, तो बघंल." लोकांना हे लागलं. कट्ट्यावर तिच्यादेखत कुणी बोललं की आमच्या घरची एक फांदी तोडायची म्हटलं तर आक्का येऊन उभी, आणि आपल्या घरचं अख्खं रान निघालंय तर तोंडाला कुलूप. आत्ती म्हणाली, "तोडताना मी उभी ऱ्हाते. इकताना न्हाय." एवढंच. मला वाटलं, भाच्याच्या घरात जेवते, म्हणून बोलत नसेल. मी असं वाटून घेतलं, पण मनाला काही पटलं नाही. आत्ती मिंधी होणारी बाई नव्हती.

रान दाखवायचा दिवस ठरला. सर्जेरावचा खालचा शेजारी आबा. म्हणजे नियमानं सर्जेरावची खालची हद्द आबानं दाखवायची. ती हद्द आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. हिरड्यापासनं आडवी चालत यायची आणि झरा अन् जांभळ ह्यांच्या मधनं जायची. झरा त्यांचा, जांभळ आमची. जांभळीची मुळं झऱ्याच्या ओलीत, पण खोड आमच्या अंगाला. मोजणीचा माणूस मागाहून येणार होता, पण त्यालाही खुणा शेजाऱ्यानंच दाखवायच्या होत्या. तेव्हा आदल्या दिवशी चार माणसांनी मिळून आबाला गळ घातली. हिरड्यापाशी जरा वर वळ. हद्द झऱ्याच्या वरनं दाखव. झरा आपल्यात येईल, म्हणजे सगळ्यांचा राहील. शेठला काय कळतंय, आणि सर्जेराव गप्प बसायला तयार आहे, त्यालाही झऱ्याची टोचणी आहेच. मला ही युक्ती पटली होती. खरं सांगायचं तर अजूनही निम्मी पटते.

सकाळी शेठची गाडी डांबरी संपते तिथं थांबली. पन्नाशीचा माणूस, पांढरी विजार, पायात नवे बूट. बरोबर सर्जेराव. आत्ती पुढं झाली आणि तिनं विचारलं, "पावणं, तुमच्या शेजाऱ्याचं नाव काय?"

शेठ जरा चमकले, पण अडले नाहीत. डावीकडचे साखळी करतात, उजवीकडचे घुंगरू लावतात, मागचे नुसतं पॉलिश करतात, असं म्हणत त्यांनी नावं सांगितली. डावीकडच्यांच्या सुनेला नुकताच मुलगा झाला, हेही सांगितलं. आत्ती "बरं" म्हणाली आणि वाटेला लागली.

ओढ्यापाशी शेठ पाणी प्यायला थांबले, सर्जेराव त्यांच्याजवळ. आबा आणि इतर माणसं ओलांडून पलीकडं गेली होती. अलीकडं आत्ती एका दगडावर बसून खराट्याची सैल झालेली दोरी आवळत होती. मी तिच्या शेजारी. पलीकडं माणसं डोकी जवळ करून उभी होती. आत्तीनं मान वर केली, थोडा वेळ तिकडं बघितलं, दोरीला गाठ मारली आणि मला म्हणाली, "तुझा बा आज वर वळणार हाय."

तिच्यापुढं ओठ हलवायचीसुद्धा चोरी.

हिरड्यापाशी सगळे जमले. आबानं झाडाला हात लावला, हिथनं सुरू, म्हणाला, आणि वरच्या अंगाला पाऊल टाकलं. मागं खराट्याचा आवाज आला. आत्ती वर वळलीच नव्हती. ती जुन्या हद्दीवर, सरळ आडवी, पाला ओढत झऱ्याकडं चालली होती. झाडत झाडत झरा आणि जांभळीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "रस्ता चुकलास का?"

आबाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आक्का, गप की. तुझ्याच झऱ्यासाठी चाललंय हे."

"माझा कुटला? सर्जाचा हाय. उद्या ह्या पावण्यांचा." सगळं रान ऐकत होतं, कारण तिचा आवाज तसाच होता. "आज तू झरा वाचवशील. उद्या बाळूनाना तुझी हद्द दाखवंल, तवा ती खरी हाय हे कोण म्हणंल? मी तर म्हणणार न्हाय."

सर्जेराव जमिनीकडं बघत होता. शेठ एकदा आबाकडं, एकदा आत्तीकडं बघत होते. त्यांना सगळं कळलं की नाही, ते मला तेव्हा समजलं नाही. आबा खाली उतरला. आत्तीनं झाडलेल्या पट्ट्यावरनं चालत येऊन त्यानं झऱ्याकडं हात केला आणि म्हणाला, "हा तुमच्यात."

व्यवहार झाला. सर्जेराव कोल्हापूरला गेला. आत्तीनं बरोबर यावं म्हणून त्यानं फार विनवलं, ती गेली नाही. भावाच्या जुन्या घरातल्या एका खोलीत राहिली. वाडीनं तिच्याशी बोलणं टाकलं असं नाही, पण कट्ट्यावर ती आली की माणसांना एकाएकी गुरांची आठवण व्हायची. आबा तर तिच्यासमोर उभाच राहायचा नाही. आणि आम्ही म्हटलं तसंच झालं. उन्हाळ्यात शेठनं तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप. घरासाठी वीसेक झाडं पाडली. तोडताना आत्ती फाटकाबाहेर उभी होती. झरा तारेच्या आत गेला. त्या साली गुरं लांबच्या डोहावर न्यावी लागली, आणि नेणारा प्रत्येक जण वाटेत आत्तीच्या दारावरनं मुद्दाम जायचा.

पुढच्या संक्रांतीनंतर हद्दझाडणी आली. कुणालाच उत्साह नव्हता. बाळूनाना म्हणाले, मधल्या माणसाला सोडून द्या, तो काय आपल्यातला नव्हं. आत्तीनं दोन खराटे घेतले आणि गेली फाटकावर. मागनं मी गेले आणि माझ्यामागं बाकीचेही, काय होतंय ते बघायला. तिनं इचलकरंजीच्या आवाजात हाक मारली. शेठ घरातनं बाहेर आले.

"चला," आत्ती म्हणाली आणि तारेवरनं एक खराटा आत धरला.

"कुठं?"

"तुमी आता रानमालक हाईसा. शेजाऱ्याची हद्द झाडायची."

मला वाटलं, आता हे गड्याला पाठवतील. शेठनी खराटा घेतला, उलटा करून त्याची टोकं हातावर दाबून बघितली आणि कुलूप काढलं. ते झाडायला लागले आणि आम्ही सगळे बघत राहिलो. आमच्यासारखं हात लांब टाकून नव्हे. वाकून, एका लयीत, सगळं एका अंगाला ओढत, मागं एक पान न ठेवता. आत्तीनं विचारलं, हे कुठं शिकलासा? ते म्हणाले, "आमच्यात कारखाना रोज संध्याकाळी झाडायचा आन धूळ साठवायची. तिच्यात चांदीचा कीस असतो. ल्हानपणी मी झाडायलाच हुतो. एक चिमूट सोडली तर आई जेवाय वाढायची न्हाई." बाळूनाना हसले. त्या साली पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं.

मग अडचण आली. कुंपण नेमकं हद्दीवर. पट्टा झाडायचा दोन्ही अंगानं, आणि मध्ये तार. खराटा तारेत अडकायचा, पाला तारेच्या बुडाला साठायचा, म्हणजे नेमकी आग धरायची जागा. शेठ थोडा वेळ तारेतनं हात घालून झाडत राहिले. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "ही तार आत घ्यायला पायजे." पंधरवड्यात त्यांनी सगळं कुंपण एका पट्ट्याएवढं आत ओढलं. आणि झरा हद्दीला लागूनच असल्यामुळं तो आपोआप तारेच्या बाहेर आला. हद्द शेठचीच, झरा शेठचाच, पण पट्ट्यावर. गुरं पुन्हा तिथं पाणी प्यायला लागली. शेठनी एकदाही कुणाला हटकलं नाही.

हे आत्तीला आधीच दिसलं होतं का? मला हा प्रश्न अजून सोडत नाही. मी तिला तेव्हाच विचारलं होतं. ती निवडत होती ती शिकेकाई बाजूला न ठेवता म्हणाली, "मला काय ठावं? मी खराटाच तेवढा दिला." पण मग, पहिल्या दिवशी शेजाऱ्यांची नावं ऐकून तू नुसतं बरं का म्हणालीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "त्यानं साखळीवाल्याच्या सुनंचं सांगितलं न्हवं का." ह्याच्या पलीकडं तिनं काही सांगितलं नाही. मी त्यातनं हवे तेवढे अर्थ काढून बघितलेत, एकही पुरा बसत नाही.

शेठना आमची हद्द शिकवायला आत्तीला दोन सालं लागली. आबाचे वरचे शेजारी आता ते, तेव्हा आबाची हद्द त्यांनी दाखवायची. ते शिकत होते तोवर त्यांच्या वतीनं आत्तीच झाडत पुढं जायची आणि झाडांची नावं मोठ्यानं सांगायची. शेठ मागनं तीच नावं म्हणायचे, शाळेतल्यासारखी. ते शनिवार-रविवारी येत, आणि कधी कधी तिच्यासाठी इचलकरंजीतनं फरसाण आणत. "तितलं फरसाण म्हंजे," आत्ती म्हणायची आणि पुढं काही म्हणायचीच नाही, खात बसायची.

गेल्या साली भातं काढून झाली आणि आत्ती गेली. आजारी म्हणावी तर दोनच दिवस. सर्जेराव आला, सगळं रीतीनं केलं. शेठ आले होते. मी कोल्हापूरहून पोचेतोवर तिला नेलं होतं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर माणसं नेहमीसारखी बसली, आणि कुणाला कळेना आवाज कुठल्या पट्टीत ठेवावा. इतकी वर्षं मोठ्यानं बोलायची सवय झालेली.

ह्या संक्रांतीनंतरची हद्दझाडणी आत्तीशिवायची पहिली. आबाचे गुडघे आता चढ चढत नाहीत, म्हणून घरातनं मी गेले. भाऊ पुण्याला असतो. त्यानं अजून कसला कागद आणलेला नाही. आणला तर काय सांगायचं ते माझं ठरलेलं आहे. आमची वरची हद्द शेठनी दाखवायची होती, एकट्यानं. पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते हिरड्यापाशी उभे राहिले आणि सुरुवात केली. "ह्यो हिरडा सायबाचा," कुण्या जुन्या मोजणीसाहेबावरनं पडलेलं त्या झाडाचं नाव, आत्ती म्हणायची तस्संच, तोच हेल. मला पाठ फिरवावी लागली.

झऱ्यापाशी आलो. मी सवयीनं जांभळीच्या खालनं झाडायला लागले. गेली दोन्ही सालं आत्ती झऱ्यापाशी थांबायची आणि जांभळीची जागा आबा तिथनंच झाडायचा. मला वाटायचं, त्याला वरची मुळं चुकवायला सोपं पडतं. शेठ म्हणाले, "थांबा. खालनं न्हाय. जांभळ तुमची हाय."

मी म्हणाले, ते मला माहीत आहे, पण आबा खालनं झाडतो.

"व्हय," ते म्हणाले. "त्या दिसापास्नं. झरा आत घ्यायला वर वळले हुते, त्याची शिक्षा म्हणून आपली जांभळ त्यांनी आपल्या हातानं हद्दीबाहीर टाकलीया. आत्तीनं मला पहिल्याच साली दाखवलं. मी म्हटलं, मग तुमी सांगा की त्यास्नी. तर म्हणाल्या, मी कोण सांगणार? माझी कुटं हद्द लागती? शेजारी तुमी, दाखवायची तुमीच. मी नवा माणूस. दोन सालं जीभ रेटली न्हाई." त्यांनी खराटा उचलला आणि जांभळीच्या वरच्या अंगानं, मुळांच्या बेचक्यातनं, पान न पान ओढत झाडून काढलं. खाली लाल माती दिसेपर्यंत.

घरी आले तेव्हा आबा सोप्यात, माझ्या चौकटीखाली, गुडघ्याला तेल लावत बसला होता. मी त्याला सांगितलं, शेठनी जांभळ आपल्यात दाखवली. आत्तीनं त्यांना सांगून ठेवलं होतं. आबाचा हात गुडघ्यावर थांबला. तो दाराबाहेर बघायला लागला आणि त्याचे ओठ हलले. शब्द होते, आवाज नव्हता. मी विचारलं, काय म्हणालास? त्यानं मान हलवली आणि पुन्हा तेल लावायला लागला.

आत्तीला ते ओढ्याच्या पलीकडनं कळलं असतं.